एका बटणाला दोन घंटा: कंटेनरांची पोर्टवरून भांडणं का होतात

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट दाखवायला दोन दिवस उरलेले.

"मामा, डॉकर उठतच नाही बघा. पोर्ट दुसऱ्या कुणीतरी घेतलंय म्हणतंय. कुणी घेतलं? मी तर काहीच केलं नाही."

"मी काहीच केलं नाही" हे वाक्य माझ्या धंद्यात रोज ऐकू येतं आणि निम्म्या वेळा ते खोटं असतं. पोर्टच्या बाबतीत मात्र ते बहुधा खरं निघतं. दोन प्रोग्रॅम आपापल्या जागी शहाणे असतात, फक्त दोघांनी एकच आकडा आपला मानलेला असतो. पोराचं प्रोजेक्ट साधं होतं: सांगलीच्या हळद सौद्यांचे रोजचे दर साठवायचे आणि आलेख काढून दाखवायचे. ते डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभं होतं. त्यात तीन कंटेनर, म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांत चालणारे तीन प्रोग्रॅम. एक वेबपान दाखवणारा, एक मधला हिशेब करणारा, एक डेटाबेस. तिसरा उठत नव्हता म्हणून बाकीचे दोघेही बसून होते.

त्याला फोनवर जे समजावलं तेच इथं जरा नीट मांडतो.

पोर्ट म्हणजे फाटकावरचं बटण

आमच्या गल्लीत एक चार मजली अपार्टमेंट आहे. फाटकाशी पत्र्याची पेटी, तिच्यावर बटणं, प्रत्येक बटणाखाली आकडा. पोस्टमन पत्ता बघून इमारतीपर्यंत येतो. पण कुणाची घंटा वाजवायची, हे त्याला त्या आकड्यावरूनच कळतं.

संगणकाचं असंच आहे. नेटवर्कवरचा पत्ता निरोपाला संगणकापर्यंत आणतो. पण आत एकाच वेळी वीस-पंचवीस प्रोग्रॅम चालू असतात, त्यातल्या कुणाला तो द्यायचा? त्यासाठी निरोपावर आणखी एक आकडा लिहिलेला असतो, तो पोर्ट. हा आकडा १६ बिटांत मावतो, म्हणून ० ते ६५,५३५ एवढीच बटणं.

नियम एकच, आणि तो ऑपरेटिंग सिस्टिम पाळायला लावते. एका पत्त्यावरच्या एका बटणाला एका वेळी एकाचीच तार. जो आधी आला त्याचं बटण. दुसरा आला की त्याला सरळ नकार मिळतो. टीसीपी आणि यूडीपी या निरोप धाडण्याच्या दोन पद्धतींच्या पेट्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे दोन्हीकडे ५३ नंबरचं बटण सुखानं नांदतं. पण रोजची भांडणं टीसीपीच्या पेटीवरचीच.

फ्लॅटच्या आत ज्याचं त्याचं राज्य

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधून वेगळ्या खोलीत चालवणं. २०१३ साली डॉकर आलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली, पण तिच्या मुळाशी असलेल्या सोयी लिनक्समध्ये आधीपासून होत्या. व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेला अख्खा दुसरा संगणक, हा स्वतंत्र बंगला, पाया सुद्धा वेगळा. कंटेनर म्हणजे फ्लॅट. पाया आणि पाण्याची टाकी सामाईक, स्वयंपाकघर ज्याचं त्याचं.

त्या सामानात नेटवर्कही येतं. लिनक्स प्रत्येक कंटेनरला स्वतःची वेगळी पेटी देतं, तिच्यावर पुन्हा पूर्ण ६५ हजार बटणं. म्हणून दहा कंटेनर आपापल्या आत ८० नंबरवर कान देऊन बसले तरी कुणाची कुणाला आडकाठी नाही. पहिल्या मजल्यावरच्या घंटेचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घंटेचा आवाज एकच असला म्हणून काय बिघडलं?

बिघडतं ते फाटकावर. बाहेरच्याला आत यायचं तर फाटकावरच्या बटणापासून फ्लॅटमधल्या घंटेपर्यंत तार ओढावी लागते. डॉकरमध्ये ही तार "८०८०:८०" अशी लिहितात. डावा आकडा फाटकावरचं बटण, उजवा आकडा फ्लॅटमधली घंटा. भांडण होतं ते कायम डाव्या आकड्यावरून. उजवा आकडा आतल्या प्रोग्रॅमनं ठरवलेला असतो, तो तुम्ही कागदावर बदललात म्हणून प्रोग्रॅम आपली जागा सोडत नाही. हा डावा-उजवा मी नवीन पोरांकडून तीनदा तरी म्हणवून घेतो, कारण घाईत नेमका उलटा बदलला जातो. मग कंटेनर उठतो, हिरवा दिवा लागतो, आणि पान काही उघडत नाही.

भाच्याच्या लॅपटॉपवर झालं होतं काय

डेटाबेस मायएसक्यूएल. त्याचं ठरलेलं पोर्ट ३३०६. तार ओढली होती "३३०६:३३०६". पण दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी त्यानं तेच मायएसक्यूएल थेट विंडोजवर बसवलं होतं. ते सर्व्हिस म्हणून बसतं, लॅपटॉप सुरू झाला की न सांगता उठतं आणि ३३०६ धरून बसतं. दोन वर्षं ते तिथंच होतं, पोराच्या लक्षातही नव्हतं.

त्यानं डावा आकडा बदलून "३३०७:३३०६" केलं. बरोबर केलं. डेटाबेस उठला. पण आता मधला कंटेनर रडायला लागला: डेटाबेस सापडत नाही. पोरानं त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लोकलहोस्ट, ३३०७ असं लिहिलं होतं.

इथं दोन चुका एकमेकींच्या आड लपून बसलेल्या असतात, म्हणून जरा थांबतो.

पहिली चूक लोकलहोस्टची. लोकलहोस्ट म्हणजे "मी स्वतः". लॅपटॉपवरून म्हणाल तर लॅपटॉप, पण कंटेनरच्या आतून म्हणाल तर तो कंटेनरच. तिसऱ्या मजल्यावरची बाई "आमच्या घरातली साखर" म्हणते तेव्हा ती तिच्याच डब्याबद्दल बोलत असते, इमारतीतल्या सगळ्या डब्यांबद्दल नव्हे. मधला कंटेनर स्वतःच्याच घरात मायएसक्यूएल शोधत होता, आणि ते तिथं असण्याचं काही कारणच नव्हतं.

मग त्यानं लोकलहोस्ट काढून डेटाबेसच्या कंटेनरचं नाव घातलं. डॉकर कंपोजमध्ये एका फाइलीत लिहिलेले कंटेनर आपोआप एकाच अंतर्गत नेटवर्कात येतात आणि एकमेकांना नावानं हाक मारू शकतात. त्याच्या डेटाबेसचं नाव होतं "डीबी". त्यानं लिहिलं डीबी, ३३०७. तरीही नकारच. ही दुसरी चूक. ३३०७ हे फाटकावरचं बटण, आणि शेजारी शेजाऱ्याकडे जाताना खाली फाटकापर्यंत उतरून बटण दाबत नाही. व्हरांड्यातून जातो आणि दारावरची घंटा वाजवतो. ती घंटा अजून ३३०६च आहे. डीबी, ३३०६ लिहिलं आणि गाडी सुरू झाली.

या गोंधळाचा एक फसवा भाऊ आहे, तोही सांगून ठेवतो. पोरानं लॅपटॉपवरच्या डेटाबेस बघण्याच्या टूलमधून ३३०६ ला जोडणी केली. जोडणी झाली, पण टेबलं रिकामी. "मामा, डेटा उडाला!" उडाला बिडाला काही नव्हता. तो दोन वर्षांपूर्वीच्या मायएसक्यूएलमध्ये डोकावत होता. चुकीच्या घरात शिरून आपलं कपाट कुणी नेलं म्हणून ओरडण्यातला प्रकार.

बटण कुणी धरलंय हे बघायचं कसं

आधी आलेला एररचा संदेश शेवटपर्यंत वाचा. लोक अर्ध्यातच सोडतात. लिनक्सवर "पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड" असं आलं तर बहुधा दुसऱ्या एखाद्या कंटेनरनंच ते बटण घेतलंय. "अॅड्रेस ऑलरेडी इन यूज" असं असेल तर धरणारा बहुधा डॉकरच्या बाहेरचा. संशयित निम्मे झाले.

मग डॉकर पीएस ही कमांड द्या. चालू कंटेनरांची यादी येते, त्यात पोर्टचा रकाना असतो. तिथं सापडलं नाही तर लिनक्सवर एसएस, मॅकवर एलसॉफ, विंडोजवर नेटस्टॅट. या कमांडना योग्य पर्याय जोडले की आकड्यासमोर प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक दिसतो. विंडोजमध्ये तो टास्क मॅनेजरमध्ये शोधला की नाव कळतं.

"मग मारून टाकायची ना ती प्रोसेस?" असं भाचाही म्हणाला. थांबा. मालक म्हणून डॉकरचंच नाव दिसलं तर तिला हात लावू नका, ती सगळ्या कंटेनरांचं काम बघणारी असू शकते. तो एक कंटेनर शोधून रीतसर थांबवा. आणि सर्व्हिस म्हणून बसलेलं काही मारलंत तर उद्या सकाळी ते पुन्हा उठेल. एक तर सर्व्हिस बंद करा, नाहीतर स्वतःचा डावा आकडा बदला. मी दुसऱ्याच्या मशिनवर नेहमी आकडाच बदलतो. ती सर्व्हिस कशासाठी होती हे आपल्याला कुठं माहीत असतं?

विंडोजवर एक विचित्र प्रकार घडतो. कुणीच पोर्ट धरलेलं दिसत नाही, तरी परवानगी नाही म्हणून नकार येतो. हायपर-व्ही ही विंडोजची व्हर्च्युअल मशिन चालवण्याची सोय काही आकड्यांचे पट्टेच्या पट्टे स्वतःसाठी राखून ठेवते. सार्वजनिक कार्यक्रमातल्या खुर्च्यांवर टाकलेल्या रुमालासारखं: माणूस नाही, पण जागा धरलेली. नेटएसएच कमांडनं राखीव पट्ट्यांची यादी बघता येते. त्याबाहेरचा आकडा घ्या, वाद घालू नका.

मार्केट यार्डातली माझी चूक

पोरांना शहाणपण सांगतो, पण माझीही एक फजिती आहे. मार्केट यार्डात एका अडत दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम चालतो. संगणकावर कंटेनर, आणि दुकानातले सगळे आपापल्या स्क्रीनवर ८०८० ला जोडलेले. मी नवी आवृत्ती बसवली, जुना कंटेनर थांबवला, नवा त्याच बटणावर चढवला. सगळं झकास. जुना मुद्दाम ठेवला, लागलाच तर असावा म्हणून.

पंधरा दिवसांनी, ऐन हळदीच्या हंगामात, पहाटे लाईट गेली आणि आली. सकाळी दिवाणजींचा फोन: "साहेब, कालच्या पट्ट्या कुठं गेल्या? कालच्या काय, पंधरा दिवसांतली एकबी दिसंना." बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे, हमाल पोती रचतायत, आणि पडद्यावर पंधरा दिवसांपूर्वीचं जग.

झालं होतं असं. जुन्या कंटेनरवर मी पुन्हा सुरू होण्याचं धोरण "ऑलवेज" ठेवलं होतं. या धोरणात हातानं थांबवलेला कंटेनर थांबलेला राहतो, पण डॉकर स्वतः पुन्हा सुरू झालं की तोही उठतो. लाईट आल्यावर दोघंही ८०८० कडे धावले, जुना आधी पोचला. नवा नकार खाऊन गप्प बसला. नव्याचा डेटा जागच्या जागी होता, एक पट्टी हरवली नाही. जुना थांबवून काढून टाकला, नवा उठवला, पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं यायला मला मिरजेहून गाडी काढावी लागली आणि तोवर अडत्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"अनलेस स्टॉप्ड" हे दुसरं धोरण आहे. त्यात हातानं थांबवलेला थांबलेलाच राहतो. तेव्हापासून मी तेच लावतो.

"पासष्ट हजार बटणं आहेत, मग भांडण कशाला?"

कारण सगळ्यांना तीच चार-पाच हवीत. १०२४ च्या खालचे आकडे नामांकित सेवांसाठी ठेवलेले आहेत आणि युनिक्स परंपरेत ते घ्यायला प्रशासकाचा अधिकार लागतो. साध्या वेबला ८०, कुलूपबंद वेबला ४४३. १९९५ साली तातू युलोनेन यांनी एसएसएच हा दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्यांना २१ च्या एफटीपीची (फाइली पाठवणाऱ्या) आणि २३ च्या टेलनेटची (दूरच्या संगणकात शिरण्याच्या जुन्या सोयीची) जागा घेणारं काही बनवायचं होतं. मधलं २२ रिकामं होतं. त्यांनी आकडे वाटणाऱ्या संस्थेला ईमेल लिहून ते मागितलं आणि त्यांना मिळालं. आज रांगेत उभं राहून सुद्धा असा आकडा मिळायचा नाही. रेडिस या डेटाबेसचं ६३७९ तर जुन्या फोनच्या बटणांवरच्या अक्षरांतून जुळवलेलं आहे.

वरच्या आकड्यांचा तसा पहारा नाही, पण सवयीचा असतो. चाचणीची वेबसाइट म्हटलं की ८०८०, जावास्क्रिप्टवाले ३०००, पायथनच्या फ्लास्कवाले ५०००. २०२१ च्या मॅकओएस मॉन्टेरीपासून मॅकचा एअरप्ले रिसीव्हर स्वतःच ५००० वर बसायला लागला, तेव्हा कित्येक पायथनवाल्यांनी तासन्‌तास डोकं खाजवलं.

मग कुठलाही मोठा आकडा घ्यावा का? जवळजवळ कुठलाही. एक पथ्य: तुमचा ब्राउझर बाहेर बोलायला जातो तेव्हा त्यालाही परतीचं बटण लागतं, आणि लिनक्स ती तात्पुरती बटणं ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून देतं. कायमची तार त्या गर्दीत ओढू नका. डावा आकडा मोकळा सोडलात तर डॉकर स्वतःच एखादं रिकामं बटण देतं. आपोआप होणाऱ्या चाचण्यांना ते उत्तम, पण दिवाणजींना रोज नवा आकडा कोण सांगणार?

"फाटकच काढून टाकलं तर?"

असा पर्याय खरंच आहे. कंटेनरला स्वतःची पेटी न देता थेट यजमान संगणकाच्या नेटवर्कात बसवता येतं. तारच नको. पण मग सगळे फाटकाशीच खुर्च्या टाकून बसले, आणि आतला ८० सुद्धा आता सगळ्यांचा सामाईक ८०. ज्यापासून सुटायला कंटेनर घेतला तेच पुन्हा दारात. कुबरनेटीसमध्ये, म्हणजे अनेक संगणकांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथं प्रत्येक पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला, स्वतःचा पत्ता असतो, म्हणून पॉडांची आपसात भांडणं नाहीत, पण एकाच पॉडमधले दोन कंटेनर एकच पेटी वापरतात आणि तिथं भांडू शकतात.

"दोन वेबसाइटना ८०च हवं असेल तर?"

एका बटणाला दोन तारा नाहीत, पण एका बटणाशी एक रखवालदार ठेवता येतो. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. एनजिनएक्स, ट्रॅफिक, कॅडी ही त्यातली रोजची नावं. ८० आणि ४४३ फक्त त्याच्याकडे. येणाऱ्याला तो विचारतो, कुणाकडे जायचंय? ब्राउझर प्रत्येक निरोपात वेबसाइटचं नाव सांगतोच. ते ऐकून रखवालदार व्हरांड्यातून योग्य दारापर्यंत सोडून येतो. मागे वीस वेबसाइट असल्या तरी फाटकावर बटणं दोनच.

डेटाबेसला ही युक्ती इतक्या सहज लागू पडत नाही. मायएसक्यूएलशी बोलणारा दाराशी येऊन कुणाकडे आलोय हे वेबसारखं सांगत नाही, त्यामुळे रखवालदाराला पत्ता लागत नाही.

पण डेटाबेसला बटण हवंच कशाला?

भाच्याला मी शेवटी हेच विचारलं. त्याच्या फाइलीत तिन्ही कंटेनरांना तारा ओढलेल्या होत्या, कारण कुठूनतरी उतरवून घेतलेल्या नमुन्यात तशा होत्या. बाहेरून कोण येणार? ब्राउझर, आणि तोही फक्त वेबपानाकडे. तेच पान मधल्याकडे निरोप पोचवतं. मधला आणि डेटाबेस तर शेजारी-शेजारी. मी त्याला त्या दोन तारा काढायला लावल्या. ३३०६ चं भांडण मिटवायचंच काम उरलं नाही, भांडायला कुणी फाटकावर गेलंच नाही.

हे नुसतं टापटिपीसाठी नाही. लिनक्सवर डॉकरनं ओढलेली तार फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या पहाऱ्याच्या, नेहमीच्या वाटेला बगल देऊन जाते. तुम्ही यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ३३०६ बंद केलंय अशा भरवशावर असता आणि भाड्याच्या सर्व्हरवर तो डेटाबेस अख्ख्या जगाला उघडा असतो. मी तर म्हणेन, पोर्ट अडलंय हा संदेश आला की आकडा बदलण्याआधी ती ओळच खोडून बघावी. निम्म्या वेळा कुणाला तिची आठवणही येत नाही.

"पण मामा, मला डेटाबेसमध्ये काय गेलंय ते टूलमधनं बघायचं असलं की?"

रास्त प्रश्न. त्यासाठी "१२७.०.०.१:३३०७:३३०६" अशी तार ओढायची. पुढे लावलेला तो पत्ता म्हणजे बटण फाटकाच्या आतल्या बाजूला: लॅपटॉपवर बसलेल्याला दाबता येतं, रस्त्यावरच्याला दिसतही नाही. पत्ता न लिहिता नुसता आकडा दिला तर डॉकर ते बटण संगणकाच्या सगळ्या पत्त्यांवर लावतं, हॉस्टेलच्या वायफायवरच्या सुद्धा.

पावणेबारा वाजता त्याचा स्क्रीनशॉट आला. दरांचा तक्ता, पहिल्या ओळीत राजापुरी हळद, आलेख थोडा वाकडा पण उभा राहिलेला. खाली प्रश्न: "दुकानातला पट्टीचा प्रिंटर पण पोर्टवरच असतो का?"

नेटवर्कवरचा असेल तर बहुधा ९१०० वर, असं लिहून पाठवलं आणि फोन चार्जिंगला लावला.